‘पाच मिनिटं बसा’ म्हणजे नेमकी किती?

दुपारी सव्वा वाजता हॉटेलच्या दारातला वहीवाला ‘पाच मिनिटं बसा’ म्हणतो, तेव्हा किती वेळ लागणार हे त्यालाही ठाऊक नसतं. आता वहीच्या जागी टॅब आलाय. नाव-नंबर दिला की मोबाईलवर लिंक येते आणि ‘तुमच्या पुढे ४ जण’ दिसतं. पण आतला हिशोब वहीचाच राहिला, तर टॅबसुद्धा तेच ‘पाच मिनिटं’ सांगतो, फक्त रंगीत अक्षरांत.

हिशोब तसा सोपा आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगेचा एक नियम सिद्ध केला: आत असलेली माणसं म्हणजे दर तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा आतला वेळ. धरा, १४ टेबलं भरलेली आहेत आणि एकेक टेबल सरासरी ३५ मिनिटं अडतं. म्हणजे दर अडीच मिनिटांनी एक टेबल उठतं. पुढे चार नावं असतील तर पाचव्याला साधारण साडेबारा मिनिटं. इथवर कुठलंही ॲप करतं, आणि फसतं ते इथेच. चौघांना दोघांच्या टेबलावर कोंबता येत नाही. त्या १४ पैकी चौघांची टेबलं चारच असतील, तर तसं टेबल उठायला पावणेनऊ मिनिटं लागतात. चौघांच्या रांगेतल्या तिसऱ्या ग्रुपला सव्वीस मिनिटं. म्हणून रांगा माणसांच्या संख्येनुसार वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि सांगताना ‘पंचवीस ते तीस’ असंच सांगायचं. वीस सांगून सव्वीस लागली की माणूस चिडतो. तीस सांगून सव्वीस लागली तर खुशीत आत येतो.

फॉर्ममध्ये एक रकाना हवाच: ‘शेअरिंग चालेल का?’ मुंबईच्या उडप्याकडे, इराण्याकडे अनोळखी माणसासमोर बसून राईसप्लेट संपवणं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एकटा माणूस चौघांचं टेबल अडवून बसतो, तेव्हा तीन खुर्च्या फुकट जातात. ऑफिसच्या घाईतल्या माणसाचं निम्मं काम या एका टिकमार्कात होतं.

आता निरोप कधी पाठवायचा? बहुतेक ठिकाणी टेबल पुसून झाल्यावर पाठवतात. तोवर गिऱ्हाईक पानाच्या टपरीवर किंवा गाडीत एसी लावून बसलेलं. ते येईस्तोवर टेबल चार मिनिटं रिकामं, आणि रांगेतले बाकीचे त्या रिकाम्या टेबलाकडे डोळे वटारून बघतायत. खरी खूण म्हणजे बिल छापलं जाणं. बिलिंगच्या मशीनला ते आपोआप कळतं, कॅप्टनला वेगळं बटण दाबायला लावू नका, गर्दीत तो दाबणारच नाही. बिल छापलं की पुढच्याला ‘या’ म्हणून मेसेज. पैसे देणं, बडीशेप, फडका यात पाचेक मिनिटं जातात, तेवढ्यात माणूस दारात हजर होतो. पाच मिनिटांत नाही आला तर नाव खोडू नका, एक घर खाली सरकवा. आणि निघून गेलेल्यांची नावं मात्र काढायची, नाहीतर सगळ्यांचा अंदाज फुगतो. एसएमएस वापरणार असाल तर मजकूर आणि पाठवणाऱ्याचं नाव आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या एसएमएस नोंदणीच्या पोर्टलवर, नोंदवावं लागतं. हे राहून जातं, आणि पहिल्याच रविवारी मेसेज जात नाहीत.

रांगेत उभ्या असलेल्यांकडून ऑर्डर घेऊन ठेवायची कल्पना चांगली आहे, पण केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, लगेच भटारखान्यात गेली तर घोटाळा. माणूस बसायच्या आत डोसा तयार, आणि बसेस्तोवर त्याचं चामडं झालेलं. ऑर्डर ‘होल्ड’वर ठेवायची आणि टेबल दिलं की सोडायची. घाईवाल्यांसाठी वेगळं छोटं कार्ड करा: राईसप्लेट, मिसळ, पुलाव, दहीभात, इडली-सांबार. म्हणजे तव्यावर न जाणारं, नुसतं वाढायचं. तव्याची ताकद ठरलेली असते. एका खेपेला सहा डोसे, खेपेला चार मिनिटं, म्हणजे तासाला फार तर ९०, आणि पाणी मारून पुसण्याचा वेळ धरला तर त्याहून कमीच. त्यातच डिलिव्हरीच्या ऑर्डरी घुसतात. ऐन गर्दीत ॲपवरचा तयारीचा वेळ वाढवा किंवा तासभर तव्याचे पदार्थ बंद ठेवा. दारातल्या टॅबला ही तव्यावरची गर्दी दिसत नाही.

एक बारीक गोष्ट. भटारखान्यातला केओटी प्रिंटर थर्मल असेल आणि तव्याशेजारी ठेवला असेल, तर उष्णतेनं कागद काळा पडतो आणि ऑर्डर वाचता येत नाही. तिथे रिबनवाला जुना खडखड्याच बरा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र शेवटी वाया जातो. हात वर करून ‘बिल’ म्हटल्यापासून उठेपर्यंत सात-आठ मिनिटं सहज. क्यूआर भिंतीवर चिकटवलेला असेल तर साउंडबॉक्स गल्ल्यावर ‘दोनशे चाळीस रुपये प्राप्त’ ओरडतो, पण दोन टेबलांची बिलं २४० असली तर कुणाचे आले? मग स्क्रीन दाखवा, थांबा, शेठना विचारतो. बिलावरच रकमेसकट क्यूआर छापला की पैसे थेट त्या बिलासमोर जमा होतात आणि हा खेळ संपतो. वरच्या १४ टेबलांच्या हिशोबात टेबलामागे ३५ मिनिटांची ३० झाली, तर तासाला २४ ऐवजी २८ टेबलं उठतात. एकही खुर्ची न वाढवता.

आणि नंबर टेबलासाठी घेतलाय, तर रात्री पुसून टाका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं सूत्रच ते आहे, ज्या कामासाठी घेतलं त्याच कामापुरतं. दिवाळीच्या ऑफरसाठी तो नंबर नाही. ज्याच्याकडे साधा फोन आहे, त्याला टोकन द्या आणि नंबर मोठ्यानं पुकारा.

बाहेर ताटकळणाऱ्यांसाठी एवढंच: ‘शेअरिंग चालेल’ म्हणा, आणि ऑर्डर देतानाच सांगा, ‘बिल ताटासोबतच आणा.’ कॅप्टनला अजिबात राग येत नाही. त्यालाही ते टेबल हवंच असतं.