पॉवर काइटने उचलले जाण्याविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पॉवर काइट, म्हणजे माणसाला जमिनीवरून किंवा पाण्यावरून ओढून नेणारा मोठा पतंग, आणि झोताचा वारा यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. मी नवख्यांना विनाकारण घाबरवतो, ४ चौरस मीटरचा पतंग ७५ किलोच्या माणसाला उचलूच शकत नाही, आणि समजा उचललेच तर हात सोडून मोकळे होता येते, असे आपले म्हणणे आहे. लहानपणी संक्रांतीला सोसाट्याच्या वाऱ्यात गच्चीवर उभे राहून पतंग उडवल्याचा दाखलाही आपण दिला आहे. शेवटी, आपले चिरंजीव गोव्यात मोरजीला हा खेळ शिकायला निघाले आहेत असे लिहिलेत, म्हणून हे उत्तर थोडक्यात आटोपणे मला योग्य वाटले नाही.

संक्रांतीच्या दाखल्यापासून सुरुवात करतो, कारण खरा फरक तिथेच आहे. वाऱ्याचा झोत आला की गच्चीवरचा मुलगा ढील देतो. मांजा सरसर सुटतो आणि तो जोर हवेतच जिरतो. पॉवर काइटला ढील नसते. २० ते २५ मीटरच्या दोऱ्या ठरलेल्या लांबीच्या असतात, आणि हार्नेस, म्हणजे पतंगाची ओढ पेलणारा कमरेचा पट्टा, घातला असेल तर त्यांचे दुसरे टोक आपल्या कमरेला असते. झोताने वाढलेली सगळी ओढ माणसाच्या अंगावर येते.

आता वजनाचा हिशोब. ताशी २९ किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदाला ८ मीटरच्या वाऱ्यात ४ चौरस मीटरचा पतंग एका जागी स्थिर असेल, तर उत्थापक बलाचा गुणांक (पतंग वाऱ्यातून किती ओढ काढतो ते दाखवणारा आकडा) १ धरून त्याची ओढ सुमारे १६ किलो वजनाइतकी भरते. आपला अनुभव बहुधा याच ओढीचा असावा, आणि तेवढ्यापुरता तो खराच आहे. परंतु ही ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वारा दुप्पट झाला की १६ चे ६४ होतात. शिवाय पतंग स्थिर राहत नाही. तो वाऱ्याला आडवा सेकंदाला २० मीटर वेगाने धावला, तर त्याच्या कापडाला लागणारा वारा मूळ वारा आणि त्याची स्वतःची धाव मिळून बनतो, आणि त्याच ८ मीटरच्या वाऱ्यात ओढ ११५ किलोच्या आसपास जाते. ही ओढ आडवी असेपर्यंत माणूस वाळूवरून घसरतो. पतंग डोक्यावर येता येता ती उभी झाली, की तो उचलला जातो.

पतंगाने माणूस उचलला जाण्यात नवलही नाही. ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२०च्या दशकात आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगाने वर चढवले होते. हीच मार्था पुढे क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली. ऑगस्ट २०२० मध्ये तैवानमधील शिन्चू येथील पतंग महोत्सवात तीन वर्षांची एक मुलगी मोठ्या पतंगाच्या शेपटीत अडकून वर गेली आणि सुदैवाने सुखरूप खाली आली. ते पतंग वेगळ्या जातीचे होते, हे मान्य आहे. वारा मात्र तोच असतो.

हात सोडण्याविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण मीही एके काळी तसेच मानत होतो. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, एन्सडेलच्या रुंद वाळूत, एप्रिलमधल्या एका दुपारी मी ५ चौरस मीटरचा पतंग डोक्यावर स्थिर धरून मित्राशी बोलत उभा होतो. समुद्रावर काळ्या ढगाची एक सरळ कड दिसत होती, ती अजून लांब आहे असे मी धरून चाललो. आधी कोरडी वाळू घोट्याच्या उंचीवरून सापासारखी सरपटू लागली, मग दोऱ्यांचा आवाज चढला, आणि पुढच्या क्षणी पायाखाली काही नव्हते. त्या क्षणी मी हँडल सोडले नाहीत, उलट छातीशी घट्ट ओढले. बुडणारा जसा हाताला लागेल ते धरतो, तसे ते आपोआप झाले. मित्राने नंतर वाळू दाखवली: माझ्या टाचांच्या दोन खोल चऱ्या, त्यापुढे अकरा पावले काहीच नाही, आणि मग एक खड्डा. माझा घोटा दोन ठिकाणी मोडला होता.

हँडल सोडताच पतंगाची ओढ मारणारे, मनगटाला बांधलेले ब्रेकचे पट्टे असोत किंवा बारवरचे (पतंग वळवण्याच्या दांड्यावरचे) क्विक रिलीज, म्हणजे पतंग झटकन सोडवणारी कळ असो, ही साधने उत्तमच आहेत आणि ती असायलाच हवीत. परंतु ती पाय जमिनीवर असतानाच निर्धोकपणे वापरता येतात. ३ मीटरवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात ताशी २८ किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो, ६ मीटरवरून सुटला तर ताशी ३९ च्या वेगाने. त्याहून वर गेल्यावर ज्याने आपल्याला उचलले तोच पतंग आपला एकमेव आधार असतो, म्हणून तो शांतपणे डोक्यावर धरून खाली येण्याचा प्रयत्न करावा लागतो, आणि त्या वेळी वाऱ्याच्या दिशेला भिंत, झाड किंवा मोटार असेल तर त्याचाही उपयोग होत नाही.

म्हणूनच मी लेखात पतंग डोक्यावर धरून उभे राहू नका असे लिहिले होते, आणि आपल्याला ते वाक्य सर्वांत जास्त खटकले. नवख्यांना ती जागा सुरक्षित म्हणून शिकवली जाते, कारण स्थिर वाऱ्यात तिथे ओढ कमी असते. झोताच्या वाऱ्यात मात्र ओढ सरळ वर नेणारी तीच जागा आहे. थांबायचे असेल तर पतंग एका कडेला, जमिनीजवळ आणावा, किंवा सरळ उतरवून वाळूने दाबून ठेवावा.

मोरजीबद्दल एवढेच सुचवतो. तिथे दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, म्हणजे उचलला गेलेला माणूस शॅक आणि माडांच्या दिशेने जातो. चिरंजीवांनी किनाऱ्यावर रेंगाळण्याऐवजी प्रशिक्षकाबरोबर पतंग उचलून लगेच पाण्यात उतरावे, आणि मे महिन्यात ढग भरून आले असतील त्या दिवशी पतंग पिशवीतून बाहेरच काढू नये. आपण स्वतः ४ चौरस मीटरचा पतंग पुन्हा उडवणार असाल, तर आधी दहा मिनिटे वायुवेगमापक हातात धरून उभे राहा, सरासरीऐवजी सर्वांत मोठ्या झोताचा आकडा टिपून घ्या आणि तो मला कळवा. आपण दोघे मिळून त्यावरून हिशोब मांडू.