तो कुठाय?

काल रविवारी माझा लॅपटॉप माझ्या नवऱ्याने दुरुस्त केला. म्हणजे कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं आलंय, खाली सत्तावीस अंगठे पण आलेत. आता नवऱ्याने काय केलं ते सांगते. नवऱ्याने टॉर्च धरला. तोही वाकडा.

लॅपटॉप शुक्रवारी रात्री गेला. बटण दाबलं की लाइट लागतो, पंखा घुर्र करतो, स्क्रीन काळी ठार. चार्जर काढून बटण तीस सेकंद दाबून धरलं, पुष्कळदा एवढ्यावरच बेटा जागा होतो, नाही झाला. खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारला, पुसट काही दिसलं असतं तर फक्त मागचा उजेड गेलाय असं समजायचं, तेही नाही. एचडीएमआयने टीव्हीला जोडला तर टीव्हीही काळा. म्हणजे स्क्रीन बिचारी निर्दोष, भानगड आत. शनिवारी इथे इंदूरच्या जेल रोडला एका दुकानात नेला, तिथल्या पोराने फोनवर बोलता बोलता, झाकण न उघडता, 'मदरबोर्ड गया मैडम, आठ हजार' सांगून टाकलं. न उघडता! डॉक्टर निदान जीभ तरी बाहेर काढायला लावतो.

म्हणून काल सकाळी डायनिंग टेबलवर मीच उघडला. दहा स्क्रू निघाले, पुठ्ठ्यावर लॅपटॉपचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथे खोचून ठेवला, कारण पुढच्या कडेचे बऱ्याचदा आखूड असतात आणि तिथे चुकून लांब बसवला तर तो आत घुसून नुकसान करू शकतो. मग खाच उघडायला जुनं एटीएम कार्ड.

इतक्यात काका आले. आमच्या सुदामा नगरात रविवारी कोणाकडे पोहे झाले की वरच्या मजल्यावरून काका खाली येतात, बोलवावं लागत नाही. वीज मंडळातून रिटायर. प्लेट घेऊन खुर्ची ओढली, सेव घातली, जीरावन मसाला भुरभुरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काय करून राहिलीस गं सूनबाई?"

"लॅपटॉप उघडलाय काका."

"तो कुठाय?"

तो माझ्या शेजारीच उभा होता, टॉर्च घेऊन. काका म्हणाले, अरे मग तू बस ना, तिला कशाला लावलंस. हा म्हणाला, मला ह्यातलं काही कळत नाही काका. आणि काका माझ्याकडे वळून, अगदी कौतुकाने, "बघ, किती साधा आहे! येत असून सांगत नाही."

पुढची वीस मिनिटं काकांनी एकही प्रश्न मला विचारला नाही. "हे काळं लांबडं काय रे?" हा माझ्याकडे बघायचा, मी म्हणायचे बॅटरी, हा म्हणायचा बॅटरी, काका मान डोलवायचे, हां, बॅटरी. जणू मी तमिळ बोलतेय आणि हा दुभाषा. "तिची वायर आधी का काढली?" मी सांगितलं, आत करंट राहिला आणि हात लागला तर बोर्ड जळू शकतो. ह्याने जसंच्या तसं म्हटलं. काका मला म्हणाले, "ऐकलंस सूनबाई? लक्षात ठेव."

ग्वाल्हेरला माहेरी बाबांनी मला दहा वर्षांची असताना इस्त्रीची वायर बदलायला शिकवली होती. ह्या घरातला राउटर, मिक्सर, सासूबाईंचा फोन, सगळं माझ्याकडेच येतं, तेव्हा कोणी 'तो कुठाय' विचारत नाही. असो.

मग काकांना प्लेट खाली ठेवायची होती आणि टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्यांनी माझा पुठ्ठा ओढला. दहाही स्क्रू खळकन. नऊ सापडले. दहावा शोधत मी जमिनीवर रांगतेय, फ्रिजवरचा मॅग्नेट फरशीवर फिरवतेय, आणि काका शांतपणे खाताहेत. शेवटी म्हणाले, "ती लवंग तर नव्हे?" प्लेटच्या कडेला, डाळिंबाच्या दोन दाण्यांशेजारी, माझा स्क्रू. चघळून बाजूला काढलेला.

"काका, पोह्यात लवंग कोण घालतं?"

"मला वाटलं तुमच्या ग्वाल्हेरला घालत असतील."

काम म्हणाल तर पाच मिनिटांचं होतं. रॅम म्हणजे मेमरीची पट्टी, तिचे दात मळले की स्क्रीन अशी काळी राहू शकते. तिच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. तिचे सोनेरी दात पोराच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसले, भुगा ब्रशने झटकला, तिरकीच आत सरकवून टक्क आवाज येईपर्यंत दाबली. बॅटरी जोडली, बटण दाबलं. काळीच. रॅम हलवल्यावर पहिल्यांदा वेळ लागू शकतो हे मला माहीत होतं, तरी पोटात आठ हजारांचा गोळा आला. काकांनी सुस्कारा सोडला, "तरी म्हटलं त्याला बसू दे." तेवढ्यात स्क्रीन उजळली, आणि काकांनी ह्याच्या पाठीवर अशी थाप मारली की टॉर्च पडला. "शाब्बास रे पठ्ठ्या!"

ह्याने 'अहो काका, हिने' असं काहीतरी पुटपुटलं म्हणे. मला नाही ऐकू आलं.

आज सकाळी दहाला बेल वाजली. काका, त्यांचा लॅपटॉप आणि पितळी खलबत्ता. म्हणाले टचपॅड वर उचललं गेलंय, रात्रभर खलबत्ता ठेवला, दबत नाही. मला घामच फुटला. काका, बॅटरी फुगलीय, आत गॅस झालाय, अजिबात दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, पेट घेते, आजच बदलून घ्या आणि जुनी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. सगळं नीट ऐकून घेतलं त्यांनी, मान पण डोलावली.

"बरं. तो ऑफिसातून कितीला येतो?"

मी म्हटलं आठ. लॅपटॉप माझ्या डायनिंग टेबलवर ठेवून गेले. वर परत खलबत्ता ठेवला, तो मी उचलला.