‘दिव्यांगांचे कार्यक्रम टीव्हीवरून काढा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय. पाठवणारे बदलतात, मजकूर तोच. थोडक्यात असा: सरकारी टीव्हीवर दिव्यांगांचे कार्यक्रम दाखवणं म्हणजे पैशांचा चुराडा. ते शहरवाल्यांसाठी असतात, आपल्याकडे बघतं कोण? बहिऱ्यांना खाली अक्षरं दिली की झालं, कोपऱ्यात हातवारे करणारी बाई कशाला? बघून घरच्यांना नुसतं रडू येतं. माहिती पाहिजे तर मोबाईल आहेच. आणि शेवटी एक फुकटचा सल्ला: ‘ज्याचं पोरगं बोलत नाही त्यानं त्याला टीव्हीसमोर बसवावं, आपोआप बोलायला लागेल.’

आधीची वाक्यं चुकीची आहेत, शेवटचं मात्र धोक्याचं. म्हणून तिथूनच सुरुवात.

‘टीव्हीसमोर बसवा, आपोआप बोलेल’

नाही बोलणार. मूल भाषा शिकतं ते समोरचा उत्तर देतो म्हणून. पोरानं ‘बा’ म्हटलं की आई ‘हो रे, बाबा आले’ म्हणते, थांबते, त्याच्या तोंडाकडे बघते. टीव्ही थांबत नाही आणि कुणाकडे बघतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा सल्ला आहे की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून जास्त नको.

न बोलणाऱ्या मुलाचे आधी कान तपासायचे. जन्मल्यावर महिनाभरात चाचणी, शंका आली तर तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान, सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र किंवा पुढचे उपचार सुरू, असा क्रम जगभर पाळतात. आपल्याकडे हे सगळं ‘थाळी वाजवली, वळला की तो’ इथेच अडतं. थाळी हा पुरावा नाही. एक तर जमिनीजवळ वाजवली की कंप मुलाच्या अंगाला जाणवतो. मागे उभ्या माणसाची सावली हलते, त्यानंही मूल वळतं. शिवाय थाळीचा आवाज इतका मोठा असतो की मध्यम बहिरेपण असलेल्या मुलालाही तो ऐकू जातो. त्याला ऐकू येत नाहीत ते ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक, उंच पट्टीचे आवाज. मग ‘ऐकतो तर सगळं, बोलत मात्र नाही’ असं म्हणत तीन वर्षं निघून जातात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला यायचं असतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथकानं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राची) चिठ्ठी दिली तर ती खिशात घालून बसू नका. थाळीची गोष्ट टीव्हीवर दोन मिनिटांत दाखवता येते आणि कागदावर दहा ओळींत लिहूनही पोचत नाही. कार्यक्रम हवेत ते अशाच कामाला.

‘खाली अक्षरं द्या, हातवारे कशाला?’

मेसेजमधला हा मुद्दा शहाण्या माणसांनाही पटतो, म्हणून जरा सविस्तर. जन्मापासून ऐकू न येणाऱ्याच्या कानावर मराठी कधी पडलेलीच नसते. तो ती शाळेत, एकेक शब्द जोडत, दुसरी भाषा म्हणून शिकतो. गुजराती लिपी वाचता आली म्हणून सुरतेचं वर्तमानपत्र आपण झरझर वाचत नाही, तसंच. आणि पडद्यावरची ओळ तर तीन सेकंदांत निघून जाते.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठी शब्दांना लावलेले हातवारे नव्हेत. तिचं व्याकरण वेगळं आहे. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: ‘तू कुठे राहतोस’ हे साधारण ‘तू राहणं कुठे’ असं होतं. नकारही शेवटी. वाक्य प्रश्न आहे की विधान, हे बऱ्याचदा भुवया सांगतात. त्यामुळे दुभाष्याचा चेहरा नीट दिसला नाही तर अर्धं वाक्य गेलंच समजा. दिल्लीत २०१५ मध्ये या भाषेसाठी राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं आणि २०२१ मध्ये तिचा शब्दकोश १०,००० शब्दांवर गेला. एवढा पसारा हातवाऱ्यांसाठी कुणी मांडत नाही.

उलट बाजूही खरी. साठीनंतर कान गेलेल्या आजोबांना सांकेतिक भाषा येत नाही, त्यांना अक्षरंच लागतात. म्हणजे दोन्ही हवं. ही कुणाची मेहेरबानी नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ सांकेतिक भाषा, पडद्यावरची अक्षरं आणि दृश्यवर्णन (पडद्यावर दिसतं ते बोलून सांगणं) या तिन्हींबद्दल बोलतं. दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी आठवड्याचं बातमीपत्र १९८७ पासून होतं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं सगळ्या वाहिन्यांसाठी मानकं जाहीर केली.

आता तक्रार करायचीच असेल तर ती बाईबद्दल नको, तिला दिलेल्या जागेबद्दल करा. ब्रिटनच्या नियामकानं दुभाष्याच्या चौकटीसाठी पडद्याचा किमान सहावा हिस्सा सांगितलाय. ३२ इंची टीव्हीवर ही जागा शाळेच्या वहीच्या पानाहून जराशी मोठी भरते. आपल्याकडे ती कित्येकदा दोन आधार कार्डांएवढी असते. त्यात खालून बातम्यांची पट्टी सरकते, ती बरोबर हातांवरून. चौकट डोक्याच्या वरपासून कमरेच्या खालपर्यंत हवी आणि दोन्ही कोपरं बाहेर काढायला जागा हवी. कपडे एकरंगी, त्वचेच्या रंगापासून वेगळे उठून दिसणारे. बांगड्या आणि काठापदराची साडी नको, बोटं त्यात हरवतात. उजेड समोरून, चेहऱ्यावर सावली न पडेल असा.

एक चूक संकलनाच्या टेबलावर होते. दुभाषी निवेदकाच्या दोनतीन सेकंद मागे चालतो, कारण वाक्य कळल्याशिवाय ते सांकेतिक भाषेत मांडता येत नाही. संकलक मात्र निवेदकाचं वाक्य संपलं की दृश्य कापतो. सांकेतिक भाषेत नकार शेवटी येतो हे वर आलंच. कात्री नेमकी त्यावर पडली तर ‘हे औषध देऊ नका’चं ‘हे औषध द्या’ होऊन बसतं.

‘बघून नुसतं रडू येतं’

हे अर्धं खरं आहे, कबूल. बासरी, संथ झालेलं दृश्य, आईच्या डोळ्यांत पाणी आणि शेवटी ‘जिद्दीला सलाम’. यातून घरच्यांच्या हाती काही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही ८ जुलै २०२४च्या निकालात दृक्‌श्राव्य माध्यमांना बजावलंय की दिव्यांगांना हिणवू नका, आणि अचाट शक्तीचे पुतळे म्हणूनही दाखवू नका. पण रडगाण्यावरचा इलाज कार्यक्रम बंद करणं नव्हे. बासरी काढा आणि त्या दहा मिनिटांत काम दाखवा.

कसलं काम? सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलाला भरवणं घ्या. घरोघरी त्याला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून, पातळ वरण वाटीनं ओततात. दृश्य मायेचं दिसतं आणि कॅमेऱ्यालाही आवडतं. पण मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी राहते आणि पातळ पदार्थ गिळण्याची क्रिया सुरू व्हायच्या आत तिकडे शिरतो. मग ठसका, आणि पुन्हा पुन्हा ‘छातीत कफ’. खरं तर अन्न फुप्फुसात जात असतं. बरीच मुलं ठसकतही नाहीत, फक्त जेवताना आवाज ओला, घुरघुरता होतो. ही खूण लक्षात ठेवा.

बरोबर रीत अशी. मूल टेकून बसतं, पाठ सरळ, पाय अधांतरी नाहीत, हनुवटी किंचित छातीकडे. भरवणारा समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. उभं राहून भरवलं तर मूल वर बघतं आणि मान पुन्हा मागे जाते. चमचा लहान आणि चपटा, घास अर्धा चमचा, समोरून आणि जरा खालून. जिभेवर हलका दाब, ओठ मिटायची वाट, मग चमचा सरळ बाहेर, वरच्या दातांना घासून नाही. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. मुगाची खिचडी घोटून, वरणात ज्वारीची भाकरी गुठळी न ठेवता कुस्करून, चमचा तिरका केला तर थबकत पडेल एवढं घट्ट. फरसाण, शेंगदाणे, कोरडा चुरा नको. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं. आवाज ओला होत असेल किंवा वजन थांबलं असेल तर हे सगळं करूनही डॉक्टर आणि वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जायचंच.

हे टीव्हीवर दाखवताना निवेदक म्हणतो, ‘असं धरायचं, मग असं न्यायचं.’ घरातली आजी डोळ्यांनी अधू असेल, आणि भरवायचं काम तिच्याकडेच असतं, तर तिला काय कळलं? ‘डाव्या तळव्यावर हनुवटी टेकवा, उजव्या हातातला चमचा खालच्या ओठापाशी आणा’ असं म्हणायला एक पैसाही जास्त लागत नाही. वेगळं दृश्यवर्णन हवंच, पण निम्मं काम निवेदकाच्या संहितेतच होतं.

कुटुंबाला आणखी एक गोष्ट रडण्याऐवजी कळायला हवी. मूल १८ वर्षांचं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. बँकेत खातं अडकल्यावर हे कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

‘हे शहराचं, आपल्याकडे बघतं कोण?’

२०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यातले १.८६ कोटी खेड्यांत. तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६च्या कायद्यानं ते २१ केले, आणि त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर हा आजार मुंबईपेक्षा कितीतरी ओळखीचा. पण ‘हातपाय धड आहेत, मग कसलं अपंगत्व?’ म्हणून लोक प्रमाणपत्राच्या वाटेलाच जात नाहीत. अर्ज युडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. २०२४ पासून कार्डाचे रंग ठरलेत: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८०च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात, म्हणून पांढरं कार्ड हातात पडल्यावर ‘आता पगार सुरू’ असं धरून चालू नका.

पाहत नाहीत याची कारणं वेगळी आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारचा कार्यक्रम लावला तर घरात बघायला कोण असतं? पुस्तकी मराठी ‘संवेदी एकात्मीकरण’ म्हणून गेली, तर पोराला ‘आंडोर’ नि पोरीला ‘अंडेर’ म्हणणाऱ्या अहिराणी घरात ती भिंतीवर आपटून परत येते. पावरी आणि भिली बोलणाऱ्यांचं तर विचारूच नका. आणि जुने भाग पुन्हा दाखवतात तेव्हा त्यातले सात प्रकार आणि जुन्या रकमाही तशाच जातात. पडद्यावर चित्रीकरणाची तारीख टाकली तरी पुष्कळ झालं.

रॅम्पचंही असंच. टीव्हीवर छानसा उतार दिसतो, उंचीचा हिशेब कुणी सांगत नाही. हिशेब एकास बारा. आपल्या घरांचा ओटा दीड फूट धरला तर उतार अठरा फूट लांब होतो. लोक चार फुटांची फळी टाकतात आणि खुर्ची मागे उलटते. अंगणात अठरा फूट नसतील तर नऊ फुटांवर पाच बाय पाचचा सपाट टप्पा देऊन वळवायचा, कडेला दोनतीन इंचांची कड, वर फरशी गुळगुळीत नको.

‘मोबाईल आहेच की’

आहे, पण तो बहुधा पोराच्या खिशात असतो, आजीच्या हातात नाही. आणि हा मेसेजही मोबाईलवरच आला होता. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या डिश सेवेला महिन्याचे पैसे नाहीत, डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच. शालेय अभ्यासासाठी डिसेंबर २०२४ पासून सांकेतिक भाषेची स्वतंत्र वाहिनी आहे, नाव पीएम ई-विद्या ३१. रिमोटवर ३१ दाबून ती लागेलच असं नाही. आधी बॉक्सच्या मेनूत नव्यानं स्कॅन करून यादीत नाव शोधा.

स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही तर छतावर जा. खान्देशातून फ्री डिशचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर आहे. नेहमीची छोटी डिश ऑफसेट असते, म्हणजे ती समोर तोंड करून असते त्याहून वरचा सिग्नल पकडते, त्यामुळे ती दिसायला त्याहून बरीच उभी राहते. आकाशाकडे ताटासारखी पालथी-उताणी करत बसू नका. कोन धरून ठेवा आणि दिशा केसभर केसभर फिरवत सिग्नलची पट्टी वाढते का बघा, खाली टीव्हीसमोर कुणाला तरी उभं करून.