‘लिंडा ई’ गायब झाली नव्हती, सापडली होती

मंडळी, अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरातली ‘लिंडा ई’ ही मासेमारी बोट 1998 ला शांत पाण्यात हवेत विरल्यासारखी गायब झाली, आजवर सापडलीच नाही, असा मेसेज फिरतोय आणि तो मीच मागच्या आठवड्यात इथे टाकला होता. तो चुकीचा आहे, सॉरी. 11 डिसेंबर 1998 ला पोर्ट वॉशिंग्टनजवळ बोट तिघांसकट बेपत्ता झाली हे खरंय, हवाही चांगली होती, आणि दीड वर्ष काहीच पत्ता नव्हता, पण जून 2000 मध्ये अमेरिकन नौदलाच्या ‘डिफेंडर’ या सुरुंग शोधणाऱ्या जहाजाला ती जवळपास 260 फूट खोल तळाशी सापडली, मग पाण्याखाली कॅमेरा सोडून बघितलं तर बोटीची एक बाजू आत चेपलेली. कोस्ट गार्डने चौकशी करून निष्कर्ष काढला की तेलाचा बार्ज (सपाट तळाचं मालवाहू जहाज) ढकलत जाणाऱ्या टगची, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटीची, धडक बसली. ते वाचल्यावर मला फार वाईट वाटलं, सकाळी किनाऱ्यावर फोन करून किती मासे मिळाले ते सांगणारी माणसं होती ती, आपण त्यांची भुताची गोष्ट केली. त्यांच्या घरचे लोक आहेत अजून. तो ‘मिशिगन ट्रँगल’वाला (सरोवराच्या त्या भागात बोटी गूढपणे गायब होतात म्हणणारा) मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर हे टाका.