बालवाचकांचा बंदोबस्त: आयोजकांसाठी काही सूचना

सार्वजनिक वाचनालयात मुलांसाठी कार्यक्रम घ्यायचं तुमच्या मनात आहे? घ्या की. फक्त एक धोका ध्यानात ठेवा: जरा दुर्लक्ष झालं की मुलं खरोखर वाचायला लागतात. मग ती पुन्हा पुन्हा येतात, पुस्तकं मागतात, नोंदी वाढवतात. हा ताप नको असेल तर पुढच्या सूचना पाळा. परवाच भाचीला घेऊन अशा एका 'बाल-किशोर वाचन मेळाव्या'ला जाऊन आलोय, त्यामुळे यातल्या बहुतेक डोळ्यांदेखत सिद्ध झालेल्या आहेत.

कार्यक्रम शाळेच्या वेळेत ठेवा. (परवा सुट्टी होती. तेवढं एक आयोजकांकडून राहून गेलं.)

बालविभागात 'शांतता राखा'ची पाटी सगळ्यांत मोठी हवी.

भाषणं भरपूर ठेवा. प्रत्येक पाहुण्याने 'आमच्या लहानपणी मोबाइल नव्हते' इथूनच सुरुवात करावी. गोष्ट सांगायला बोलावलेल्या बाईंना शेवटची दहा मिनिटं द्या. बाहुल्यांची पिशवी उघडेपर्यंत आभारप्रदर्शन सुरू करता येतं.

बारा ते अठरा वयोगटाला काय हवं ते चुकूनही विचारू नका. किशोरांसाठीचे उपक्रम त्यांनाच सोबत घेऊन आखावेत, असं ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना 'इफ्ला' सांगते. सांगू दे. चौदा वर्षांच्या भाचीला परवा सतरंजीवर बसवून फुलपाखरू रंगवायला दिलं. तिने कादंबऱ्यांच्या फळीकडे बोट दाखवलं, तर उत्तर आलं, "ते मोठ्यांचं, बाळा."

आता सर्वांत महत्त्वाचं: पुस्तकं. मुलांची नवीकोरी पुस्तकं काचेच्या कपाटात लावा, कुलूप घाला आणि चावी अशा माणसाकडे द्या जो त्या दिवशी रजेवर असेल. परवा एक छोटा मुलगा काचेला नाक लावून आतल्या डायनासोरच्या पुस्तकाचं नाव अक्षर जुळवत वाचत होता. अहो, वाचत होता! वाचन मेळाव्यात प्रत्यक्ष वाचणारा बहुधा तो एकटाच. तेवढ्यात कर्मचारी आले, त्याला बाजूला केलं आणि फडक्याने काचेवरचे बोटांचे ठसे पुसले. त्याच वेळी माईकवर पाहुणे कागदावरून वाचत होते, की युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यात सार्वजनिक ग्रंथालयाच्या कामांच्या यादीत पहिलंच काम मुलांना लहान वयापासून वाचनाची सवय लावण्याचं आहे. टाळ्या पडल्या. कपाट बंदच. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम लिहून ठेवला: पुस्तकं वापरासाठी असतात. त्यांचा फोटो त्याच भिंतीवर होता, कपाटाच्या बरोब्बर वर! मध्ययुगीन युरोपात पुस्तकं साखळीने मेजाला बांधून ठेवत, पण तिथे बसून ती वाचता तरी येत. तुम्ही तर त्यांच्याही पुढे गेलात. आणि विचारलं की म्हणे, "मुलं फाडतात." फाडतील! चार पानं फाटतील, एखाद्यावर रंग सांडेल. डिंक कशासाठी असतो? कोरंच्या कोरं राहून वाळवीने खाल्लेलं पुस्तक नोंदवहीत शोभून दिसतं, एवढंच ना?

फोटोसाठी मात्र प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक द्या. फोटो झाला की परत घ्या. हो, परत घेतली. मोजून.

बास झालं आता. मेळावे बंद करा, फलक छापणं बंद करा. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी एका माणसाने मुलांसमोर बसून मोठ्याने पुस्तक वाचावं आणि वाचून झाल्यावर तेच पुस्तक मुलांना घरी न्यायला द्यावं. याला पाहुणे लागत नाहीत, मंडप लागत नाही. मोठी मुलं असतील तर पुढची पुस्तकं कोणती घ्यायची त्याची यादी त्यांना करू द्या, आणि त्यातली खरंच विकत आणा. मुलीला वरच्या फळीवरचं पुस्तक हवं असेल तर तिचं वय काय विचारताय, स्टूल द्या! एवढंही जमत नसेल तर 'हल्लीची मुलं वाचत नाहीत' हे रडगाणं निदान त्या बंद कपाटासमोर उभं राहून तरी गाऊ नका. मुलं ऐकत असतात.