एका दोराला सहा जण

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि पाठोपाठ पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश निघाले. सह्याद्री बंद ठेवायचा की नाही, हा वाद आता दर पावसाळ्याचाच झालाय. स्वित्झर्लंडमध्ये बसून तो वाचताना वाटतं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इथे एप्रिल-मे म्हणजे आलेच नावाच्या हिमनदीवरच्या स्की-गिर्यारोहण शिबिरांचा हंगाम. युंगफ्राउयोखच्या स्थानकातून, म्हणजे 3454 मीटरवरून, स्कीवर कोंकोर्डियापर्यंत, म्हणजे हिमनद्या एकत्र येतात त्या पठारापर्यंत, उतरायचं. तिथे पायाखाली साधारण 800 मीटर जाडीचा बर्फ असतो. वाटेत ना फाटक, ना पावती. स्वतःच्या जबाबदारीवर कुणीही जावं. पैसे घेऊन दुसऱ्याला नेणाऱ्याला मात्र परवाना लागतो. तसा कायदा 2014 पासून लागू आहे, आणि त्यामागे 1999 ची दुर्घटना आहे. इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटबाखच्या घळीत वादळी पावसाचा लोंढा आला आणि कॅन्यनिंगला, म्हणजे ओढ्याच्या घळीतून खाली उतरायच्या खेळाला, गेलेल्यांपैकी 21 जण दगावले. अगदी आपल्या घाटातल्या ओढ्यासारखंच. कायदा अमलात यायला इथेही पंधरा वर्षं लागली, त्यामुळे स्विस शिस्तीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

परवान्याने नेमकं काय मिळतं? हिमनदीवर एका गाईडमागे साधारण सहा जण. शिखराचा चढ अवघड असेल तर दोन-तीनच. सकाळी हटबाहेर, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घराबाहेर, पडताना गाईड प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ-यंत्र, तपासतो: स्वतःचा शोधावर ठेवतो, बाकीचे प्रक्षेपणावर ठेवून एकेक जण समोरून जातो. मोबाइल ट्रान्सीव्हरला चिकटून असेल तर सिग्नल बिघडतो, म्हणून तो बंद करून दुसऱ्या खिशात. फावडं आणि शोधकाठी प्रत्येकाच्या पाठीवर हवीच, कारण हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला वाचवायला हाताशी पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. हेलिकॉप्टर त्यानंतर पोचतं.

वसंतातला बर्फ घड्याळावर चालतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर पृष्ठभाग गोठून टणक होतो आणि पहाटे चारला उठून निघालेल्यांना पेलतो. रात्रभर ढग राहिले की तो गोठतच नाही. मग थर्मामीटर काहीही सांगो, गाईड बेत बदलतो. उन्हाने आधी पूर्वेचे उतार सैल होतात, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. क्रेव्हासवरचे, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगांवरचे, हिमपूलही तेव्हाच कच्चे पडतात. म्हणून दुपारच्या आत हट गाठायचा, शिखर शंभर मीटरवर राहिलं असलं तरी.

शिबिरात बिघडतात त्या गोष्टी मात्र क्षुल्लक दिसतात. स्कीच्या तळाला चिकटवायच्या स्किनचा गोंद ओला झाला की ती चढावर सुटते, म्हणून थांब्यावर ती सॅकमध्ये न टाकता जॅकेटच्या आत छातीशी ठेवायची. सावलीतल्या कोरड्या बर्फातून उन्हातल्या ओल्यात आणि पुन्हा सावलीत गेलं की स्किनखाली गोळे धरतात. त्यावर उपाय म्हणजे निघण्याआधीच मेण घासणं. बूट चावायला लागला की पहिल्या अर्ध्या तासातच सांगायचं. फोड फुटल्यावर सांगून काय उपयोग? सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावायचं, ऊन खालूनही येतं.

क्रेव्हासमधून माणूस बाहेर काढायचा सराव सपाट जागी सोपा वाटतो. दोन स्की आडव्या पुरून अँकर, म्हणजे दोर बांधायचा आधार, करतात, पण वसंतातल्या मऊ बर्फात खड्डा हातभर खोल नसेल तर अँकर ओढीबरोबर वर येतो. स्कीच्या धारेने स्लिंग, म्हणजे अँकरला बांधलेली पट्टी, कापली जाऊ नये म्हणून मध्ये कापड घालायचं. पडलेल्याच्या वजनाने दोर भेगेच्या ओठात रुततो आणि मग चौघांनी ओढूनही हलत नाही, म्हणून कडेवर दोराखाली काठी किंवा सॅक सरकवायची. दोराला मारलेल्या गाठी कडेवर अडकून पडणं थांबवतात खऱ्या, पण ओढताना त्याच गाठी नडतात.

आता घराकडे. भुशीच्या कुटुंबाबरोबर कुणी आयोजक नव्हता, त्यांना परवान्याने वाचवलं नसतं. तिथे उपयोगी पडतो तो अंदाज. डाव्होसची हिम-संशोधन संस्था हिवाळ्यात संध्याकाळी पाचला हिमस्खलनाचं पत्रक काढते. त्यात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, आणि कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, हेही असतं. हवामान खातं आता घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, ही मोठीच सुधारणा. पण कोणत्या ओढ्याला किती वाजल्यापासून जाऊ नये, हे त्यातून कळत नाही. मनाई इथेही होते. मे 2025 मध्ये ब्लाटेन गावावर हिमनदी कोसळण्याच्या नऊ दिवस आधी सुमारे 300 जणांना हलवलं. त्या हुकमामागे डोंगराची मोजमापं होती.

उलट बाजूही आहे. इथल्या गाईडचा दिवस सहाशे फ्रँकच्या वर जातो, शिवाय हट आणि रेल्वेचं भाडं वेगळं. सह्याद्रीत मात्र एसटीने जाऊन, क्लबातल्या एखाद्या दादाच्या मागे हिंडत शिकलेल्यांच्या पिढ्या आहेत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची मंडळी मध्यरात्री दरीत उतरतात तीही स्वयंसेवक म्हणून. महाराष्ट्राच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात नोंदणी आली, पण नियम राबवताना ना-नफा क्लब आणि दर शनिवारी बस भरून नेणारा व्यावसायिक यांना एकाच तराजूत तोलू नये. तपास करायचा तो व्यावसायिकाचा. त्याच्या जाहिरातीत जेवणाचा मेन्यू आणि ड्रोन शूटिंग असतं. तिथेच आणखी तीन ओळी सक्तीच्या कराव्यात: एका लीडरमागे किती जण, त्या लीडरचं प्रशिक्षण कुठलं, आणि किती वाजता, जिथे असू तिथून, परत फिरणार.