डॉक्टर, जरा हळू

दातांच्या डॉक्टरांची सिरिंज बघून पोटात गोळा येतो, यात आपली काही चूक नाही. ती दिसतेच हत्यारासारखी, आणि त्याला कारणही तसंच आहे. १९१७ साली, ऐन महायुद्धात, हार्वे कुक नावाच्या अमेरिकी लष्करातल्या सर्जनने बंदुकीच्या काडतुसावरून भुलीच्या औषधाची काचेची नळी बेतली. ती चाल आजही चालू आहे. धातूची चकचकीत सिरिंज, मागे अंगठा अडकवायला कडी आणि आत १.८ किंवा २.२ मिलिलिटरचं आयतं काडतूस. तेव्हा सुईला भिणाऱ्याला कोणी भित्रा म्हटलं, तर सिरिंजची वंशावळ काढून दाखवावी.

तरीही मी सुईची बाजू घेणार आहे. बिचारी फुकट बदनाम झाली आहे. दातांसाठी बहुतेक वेळा २७ किंवा ३० गेजची सुई वापरतात. तीस आकडा ऐकून हातपाय गाळायचं कारण नाही, कारण हा हिशेब उलटा आहे. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. ३० गेजची सुई जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची असते. खालच्या दाढेसाठी लांब सुई काढतात, तीन सेंटिमीटरहून थोडी जास्त. पण ती मुळापर्यंत कधीच आत घालत नाहीत. थोडी बाहेर ठेवतातच, म्हणजे चुकून तुटली तर चिमट्याने धरायला टोक मिळतं. (ही माहिती धीर देण्यासाठी होती. उपयोग झाला नसेल तर सोडून द्या.)

मग दुखतं कशाने? मुख्यतः आत शिरणाऱ्या औषधाने. हिरडीखाली जागा कमी, तिथे पाणी घुसवलं की मांस ताणलं जातं. टाळूची त्वचा तर हाडाला घट्ट चिकटलेली, तिथे जागा मिळतच नाही, म्हणून टाळूचं इंजेक्शन सगळ्यांत वाईट. शिवाय ॲड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य) घातलेलं औषध साठवणीत खराब होऊ नये म्हणून आम्लधर्मी ठेवतात, त्याने आणखी चुरचुरतं. यावरचा उतारा एकच, औषध हळू सोडणं. साधारण मिनिटाला एक मिलिलिटर, म्हणजे अख्ख्या काडतुसाला जवळपास दोन मिनिटं.

आणि इथेच आपण घात करून घेतो. खुर्चीत टेकल्या टेकल्या काय म्हणतो? "डॉक्टर, पटकन टोचा आणि उरकून टाका!" म्हणजे ज्याने दुखतं, नेमकं तेच मागतो, वर "प्लीज" म्हणून. माझ्या मते दातांच्या दवाखान्यात बोलायचं एकच वाक्य पाठ करावं: "डॉक्टर, जरा हळू द्या, मी थांबतो." चांगल्या डॉक्टरला हे ऐकून आनंदच होतो. घाईच्या डॉक्टरला होत नाही, पण तो हळू होतो.

टोचण्याआधी हिरडी बधिर करणारं जेल लावतात. तेही कामाचं आहे, पण अटी आहेत. हिरडी आधी कोरडी करायला हवी, मग जेल, मग एक-दोन मिनिटं तोंड उघडं ठेवून गप्प बसायचं. आपली जीभ मात्र जन्माची चौकस. ती जाऊन चाटून येते, जेल लाळेबरोबर घशात उतरतं आणि हिरडी सोडून घसा बधिर होतो. शिवाय जेलचा परिणाम वरच्या दोन-तीन मिलिमीटरपुरताच. सुई शिरताना कळणार नाही, औषध पसरताना कळेल. इतकीच अपेक्षा ठेवली की फसवणूक वाटत नाही. डॉक्टर त्या वेळी गाल धरून हलवतात, तो चाळा नव्हे. गाल हलल्याच्या संवेदनेखाली टोचल्याची संवेदना दबते.

पुढे मिनिटभरात छाती धडधडली तर "मला ॲलर्जी आहे" असं लगेच जाहीर करू नये. बहुधा ते ॲड्रेनॅलिन असतं. औषध जागच्या जागी टिकावं म्हणून ते घालतात. थोडं रक्तात गेलं की धडधडतं आणि थोड्याच वेळात ओसरतं. हृदयविकार, रक्तदाब, चालू गोळ्या हे मात्र आधीच सांगायचं.

काहींची गोष्ट वेगळी असते. सुई दिसली की त्यांचा रक्तदाब आधी चढतो आणि मग धाडकन खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी. अशांना सगळे सांगतात, "अंग सैल सोडा." हा सल्ला साफ उलटा. रक्तदाब पडत असताना अंग सैल सोडलं की तो आणखी पडायला मोकळा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्त यांनी १९८०च्या दशकात यासाठी अंग ताठ करायची पद्धत बसवली. हात, पाय, पोट १०-१५ सेकंद आवळायचं, चेहऱ्यावर ऊब आली की सोडायचं, पण पूर्ण ढिलं नाही. २०-३० सेकंदांनी पुन्हा, असं पाच वेळा. घरी आठवडाभर सराव करावा. मान आणि जबडा यातून वगळायचे, नाहीतर डॉक्टरचं बोट दातांत. उपाशी जाऊ नये आणि "मला चक्कर येते" हे आधी सांगावं, म्हणजे खुर्ची आडवी करूनच टोचतात. आडव्या माणसाला पडायला जागा नसते.

थांबवायची खूणही आधीच ठरवा, कारण नंतर तोंडात इतकं सामान असतं की "थांबा" आणि "छान" सारखंच ऐकू येतं. डॉक्टर बहुधा उजवीकडे बसतात, म्हणून डावा हात. सुई आत असताना तोही नाही, फक्त एक बोट.

खालच्या दाढेला भूल चढायला पाचेक मिनिटं लागतात. मग विचारतात, "ओठ जड झाला?" इथे भिडस्तपणा महागात पडतो. नसला झाला तर नाही म्हणा, "हो" म्हटलं की ड्रिल सुरू. आणि सुजलेल्या, ठणकणाऱ्या दाढेला भूल नीट चढतच नाही. तिथलं मांस आम्लधर्मी झालेलं असतं, औषध मज्जातंतूत शिरत नाही. मग दुसरं इंजेक्शन, कधी तिसरं. एका सुईच्या भीतीने सहा महिने टाळाटाळ करणाऱ्याच्या वाट्याला तीन सुया येतात त्या अशा.

काम झाल्यावर ओठ तीन ते पाच तास परका राहतो. तेवढ्यात काही चावू नये, गाल-ओठ चावले जातात आणि ते संध्याकाळी कळतं. गरम काही पिऊ नये. आणि कोणाचा फोन आलाच तर उचलू नये, मेसेज करावा, कारण प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं त्या दिवशी रजेवर असतात.